सिल्वासात मी जहाज झाले

बसायला जागा मिळावी म्हणून आम्ही दादरहून उलट मुंबई सेंट्रलला गेलो. आई पोचवायला आली होती. खिडकीच्या गजांतून तिने लाडवांचा डबा आत सरकवला आणि गाडीची शिट्टी होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलत राहिली. शिट्टी झाली तशी, म्हणजे मला वाद घालायला वेळ उरणार नाही अशा बेताने, म्हणाली, "वसंताला घेऊनच ये हं."

वसंता माझा धाकटा भाऊ. इतिहास घेऊन बी.ए. झाला, मग बी.टी. केले, आणि दादरच्या आमच्या दोन खोल्यांतून उठून थेट दादरा-नगर हवेलीत सिल्वासाच्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू झाला. पोर्तुगीज तिथून जाऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. आमच्या शेजारपाजारात तो मुलूख नकाशावर बोट ठेवून दाखवील असा माणूस नव्हता. आईच्या समजुतीप्रमाणे तिथे वाघ, हिवताप आणि दारू यांखेरीज काहीच नव्हते. आता दादरच्याच एका शाळेत इतिहासाची जागा रिकामी झाली होती, मामांनी शब्द टाकला होता, आणि वसंताला परत आणण्याची कामगिरी माझ्याकडे आली होती. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. समजूत घालणे हा माझा धंदाच आहे असे घरच्यांना वाटते.

वापीला उतरले तेव्हा थंडीतले छान पिवळे ऊन पडले होते. स्टेशनाबाहेर सिल्वासाची बस उभी होती. टपावर कोंबड्यांची डालगी, गुळाच्या ढेपी आणि कुणाचा तरी लोखंडी पलंग. शेजारी वलसाडचे एक कापडवाले शेठ येऊन बसले.

"क्यांथी आव्या, बेन?" (कुठून आलात?)

"दादरहून."

"दादराथी? मग इकडे कशाला बसले? दादरा तर अजून पुढे छे!"

दादर वेगळे आणि दादरा वेगळे हे त्यांना पटेपर्यंत बस सुटली होती. पटल्यावर मात्र त्यांनी मला वाट दाखवण्याची जबाबदारी आपणहून घेतली. "हे दादरा," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आता पाछुं (पुन्हा) गुजरात." आणखी थोड्या वेळाने, "हां, आता नगर हवेली." दर वेळी मी मान वळवून बाहेर पाही. ताडाची तीच झाडे, कापलेल्या भाताची तीच शेते. एक म्हैस तर, माझ्या हिशेबाने, पुढचे पाय एका मुलखात आणि मागचे दुसऱ्यात ठेवून चरत होती.

सिल्वासाच्या बसथांब्यावर वसंता उभा होता. काळवंडला होता, पण अंगाने भरला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले.

"अरे, हे काय?"

"किल्ला लिंपतोय, ताई. पाया नंतर पडतो. चल, आधी दाखवतो."

शाळेमागच्या मैदानात खरोखरच किल्ला उभा होता. बांबूचे कूड, त्यांवर शेणमातीचा लेप, वर चार बुरूज. समोरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने फेर धरून नाचणारी माणसे काढली होती आणि मधोमध पिसारा फुलवलेला मोर.

"कुठला रे हा?"

"सम्टर. अमेरिकेतला. दक्षिण कॅरोलायनाच्या बंदरात आहे."

"तिथे मोर असतात?"

"रांधा गावच्या पोरांनी भिंत सारवली. त्यांच्या घरच्या भिंतीवर मोर असतो, म्हणून सम्टरवरही आला."

मग वसंताने सगळे सांगितले. पुस्तकात एकच ओळ होती : सम्टरच्या किल्ल्यावर हल्ला झाला आणि अमेरिकेत यादवी सुरू झाली. वर्गातल्या मंगी नावाच्या मुलीने विचारले, "गुरुजी, एका किल्ल्यावर दगड मारला तं आख्खा मुलूख कसा पेटला?" वसंताने तासभर समजावले. दक्षिणेतले जमीनदार काळ्या माणसांना विकत घेऊन राबवीत. नवा अध्यक्ष त्या पद्धतीच्या विरुद्ध होता. म्हणून दक्षिणेतले काही प्रांत देशातून फुटून निघाले. त्यांच्या बंदरातला किल्ला मात्र अध्यक्षाच्या शिपायांनी सोडला नाही. त्यांचे अन्न संपत आले. अध्यक्षाने कळवले, फक्त शिधा पाठवतो, दारूगोळा नाही. शिध्याचे जहाज पोचायच्या आत दक्षिणेने तोफा डागल्या.

"पोरांना राबवणं बरोबर कळलं," वसंता म्हणाला. "म्हणाली, म्हणजे वेठ. त्यांच्या आजोबांनी केलीय वेठ. मी म्हटलं, वेठीपेक्षाही वाईट, तिथे पोटचं पोर विकत. पण मंगीचा प्रश्न काही सुटेना. तेव्हा ठरवलं, करूनच दाखवू. उद्या रंगीत तालीम, परवा स्नेहसंमेलन."

त्या संध्याकाळी हेडमास्तरांनी आम्हाला त्यांच्या वाडीवर बोलावले. मडक्यात वाल, रताळी आणि कंद भरून, तोंडाला रानपाला कोंबून ते शेतातच उपडे घातले होते आणि भोवती गोवऱ्या पेटवल्या होत्या. ह्याला उंबाडियुं म्हणतात. मडके उघडल्यावर ओव्याचा, मातीचा आणि धुराचा जो वास सुटला, तो माझ्या पदराला धुण्यानंतरही राहिला आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. जेवताना मला ठसका लागला. वाडीवरच्या बाईंनी दुधीच्या भोपळ्यातून पांढरे काहीतरी ओतून दिले. नीरा असणार म्हणून मी प्यायले, गोड लागली म्हणून पुन्हा मागितली. सकाळची नीरा दिवसभराच्या उन्हाने ताडी झालेली असते, हे मला कुणी सांगितलेच नव्हते.

तेवढ्यात हेडमास्तर माझ्याकडे वळले. सज्जन गृहस्थ, धोतर नेसणारे, नवसारीकडचे. "बेन, तुमच्या भावाला समजावो. नाटक करा, मारी ना नथी. पण रांध्याची पोरं नि सामरवरणीची पोरं गेल्या वर्षी हुतूतूत झगडली, ती अजून एका पंगतीत बसत नाहीत. त्यांना समोरासमोर उभे करून हा तोफा वाटतो! काही थयुं, तो हे शाळेचं छेल्लं नाटक." (काही झाले, तर शेवटचे.)

मी त्यांना धीर द्यायला तोंड उघडले आणि त्यातून भलतेच बाहेर पडले. "काळजी करू नका, मी त्याला न्यायलाच आलेय! दादरला जागा आहे. वर्गात पंखा आहे!" असे म्हणून मी हसायला लागले आणि मला थांबता येईना.

वसंता हसला नाही. मला हाताला धरून उठवले आणि वाटेत एवढेच म्हणाला, "नाटक होऊ दे, ताई. मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी कपाळावर ओला रुमाल ठेवून मी तालीम पाहिली. नाटक बसवायला घेतले तेव्हा दक्षिणेच्या बाजूने व्हायला एकही मूल तयार नव्हते. वेठ घेणारे कोण होईल? मग वसंताने सांगितले की तोफा दक्षिणेकडे आहेत. त्यासरशी सामरवरणीची सगळी पोरे दक्षिणेची झाली आणि त्यांनी ताडाची पोकळ खोडे आणून, काळी रंगवून, झकास तोफा केल्या. गोळे म्हणजे फडक्यात बांधलेल्या राखेच्या पुरचुंड्या. वसतिगृहात राहणारी रांध्याची पोरे किल्ल्यात. किल्लेदार मंगी, कारण प्रश्न तिचा होता. तोफांचा सेनापती रावजी, सामरवरणीचा, मंगीच्या दुप्पट उंच. डोकमर्डी गावच्या मुलांना मध्ये चटईवर बसवले होते. ते म्हणजे अजून कुठल्या बाजूला जायचे हे न ठरवलेले प्रांत. त्यांना वसंताची सक्त ताकीद होती : मी खूण केल्याशिवाय कुणी उठायचे नाही.

समारंभाच्या सकाळी जहाजाला ताप भरला. जहाज म्हणजे शिधा घेऊन येणारा डोकमर्डीचा एक मुलगा. वसंताने माझ्याकडे पाहिले.

"अजिबात नाही," मी म्हणाले.

"ताई, काही बोलायचं नाही. चुन्याच्या रेघेपर्यंत यायचं आणि उभं राहायचं. खरी जहाजंसुद्धा बाहेरच थांबून बघत राहिली होती."

दुपारी मी कमरेला बांबूची चौकट बांधून, डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन उभी होते. शीड म्हणून माझेच जास्तीचे पांढरे पातळ दोन काठ्यांना ताणले होते. मला विचारायचे राहून गेले, असे वसंता म्हणाला. भाकऱ्या मात्र खऱ्या होत्या. मंगीच्या मावशीने पहाटे उठून नागलीच्या (नाचणीच्या) भाजल्या होत्या आणि वर गुळाचे खडे ठेवले होते.

सारा मुलूख लोटला होता. बैलगाड्या सोडल्या होत्या, तारपा (भोपळ्याचे लांबलचक वाद्य) वाजत होता. रांध्याची माणसे आपोआप किल्ल्याच्या बाजूला बसली आणि सामरवरणीची तोफांच्या. हेडमास्तर मधल्या खुर्चीवर, उपरण्याच्या टोकाशी चाळा करीत.

रावजी पुढे आला आणि ओरडला, "किल्ला सोडा! आमच्या पान्यात हाय तो! तुमी माजे गुरुजी व्हते, तुमच्याकडंच मी तोफ शिकलो. पन किल्ला द्या!"

हे खरे आहे. तिथला सेनापती किल्लेदाराचाच जुना विद्यार्थी होता. पण बुरुजावर चिमुकली मंगी बघून लोक खो खो हसले. मंगीने कमरेवर हात ठेवले. "आमी उपाशी हाव! तरी झेंडा नाय उतरवनार!"

तारपा वाजला. माझी पाळी आली. मी डुलत डुलत, जहाजे कशी येतात ते आठवत, चुन्याच्या रेघेशी जाऊन थांबले.

"जा ना बाई!" रांध्याच्या बाजूने एक म्हातारी ओरडली. "पोरी उपाशी हायत!"

मी वसंताकडे पाहिले. त्याने हाताने 'थांब' केले.

"आवं जा ना! पाटी डोक्यावर घेऊन उबी काय?" आता चारही बाजूंनी आवाज येऊ लागले. वर मंगी नाटक विसरून खरोखरच भाकरीकडे पाहत होती. ह्यापुढे कुठली बाई थांबेल? मी रेघ ओलांडली.

"रावजी, टाक!" बाजूने वसंता कुजबुजला, ते सगळ्यांना ऐकू गेले. "ताई, मागे हो! रावजी, टाक गोळा!"

रावजीच्या हातात पुरचुंडी होती. त्याने माझ्याकडे पाहिले, मान हलवली. "आमी नाय टाकनार, गुरुजी. पावनी हाय ती."

लोकांत टाळ्यांचा कडकडाट झाला. अमेरिकेची यादवी सिल्वासाच्या मैदानावर टळलीच होती. पण सामरवरणीच्या बाजूने एक मिशाळ गृहस्थ उठले. "आमच्या पोरांनी तोफा केल्या, त्या काय पुजायला?"

"तोफा ठेवा नि भाकरी खायला या!" पलीकडून कुणी तरी म्हणाले, आणि रांध्याची बाजू हसली. हसणे थोडे जास्तच लांबले.

रावजीचे कान लाल झाले. त्याने मला चुकवून, नीट नेम धरून, पुरचुंडी किल्ल्यावर टाकली. ती मोरावर फुटली. पिसारा पुसला गेला.

नंतर काय झाले ते मला क्रमाने सांगता येणार नाही. किल्ल्यातून पुरचुंड्या आल्या, तोफांकडून गेल्या. डोकमर्डीच्या मुलांनी खुणेची वाट पाहिलीच नाही. चटई उलटीपालटी करून ती निम्मी इकडे, निम्मी तिकडे धावली. मग मोठी माणसे उठली. हेडमास्तर खुर्चीवर उभे राहून "शांति! शांति!" म्हणत होते आणि त्यांच्या डोक्यावर राखेचा अभिषेक चालला होता. सगळे हसत होते, ओरडत होते. माझे शीड फाटले. माझ्या एका हाताने पाटी धरली होती, आणि दुसऱ्या हातात कुठून तरी एक पुरचुंडी आली होती. मी, शुद्धलेखनाचे गुण कापणारी बाई, ती सगळे बळ एकवटून सामरवरणीवर फेकली. कुणा अनोळखी माणसाच्या छातीवर ती फुटली तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

मग मला दिसले की तोफांपाशी दोन माणसे हसत नव्हती. एकाने दुसऱ्याचा सदरा गळ्याशी धरला होता, आणि दुसऱ्याचा हात बैलगाडीच्या जुवाकडे चालला होता, तिथली खुंटी उपसायला.

शाळेची घंटा वाजली. वसंता दोन्ही हातांनी टोल देत होता. त्या घंटेला तिथली मोठी माणसेसुद्धा मानतात. हळूहळू सगळे थांबले. सदरा धरणारा हात सुटला. राखेचा ढग खाली बसला. नंतर, वर्गात विचारावे तसे, त्याने विचारले, "पहिला गोळा कुणाला लागला?"

"कुनालाच नाय," रावजी म्हणाला.

"वेठ आजची नाही, ती आधीपासूनच होती. भूकही होती. मग तुम्ही आत्ताच का उठलात?"

"मोर पुसला," बुरुजावरून मंगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

वसंता डोकमर्डीच्या मुलांकडे वळला. "आणि तुम्ही? तुमचा तर किल्ला नाही, तोफा नाहीत, मोरही नाही."

त्यांतला एक हळूच म्हणाला, "बसायला येईना, गुरुजी."

"हां," वसंता म्हणाला. "तिथेही असंच झालं. किल्ल्यावरच्या त्या माऱ्यात एकही माणूस मेला नाही. पण तो गोळा पडल्यावर कुणालाच मध्ये बसता येईना. न ठरवलेल्या प्रांतांना ठरवावं लागलं. मग चार वर्षं ते लढले. भाऊ भावावर चालून गेला, गावंच्या गावं जळाली. माणसं विकणं बंद झालं, ते चांगलंच झालं. पण त्यासाठी किती घरांतली पोरं गेली! मंगी, कळलं आता, मुलूख कसा पेटला ते?"

मंगीने मान डोलावली. तारपेवाला वाद्य मांडीवर घेऊन खाली बघत बसला होता. मघाचे ते दोघे गाडीपाशी उभे होते. एकाने दुसऱ्याच्या सदऱ्याचे तुटलेले बटण उचलून त्याच्या हातात दिले.

रावजी भिंतीपाशी गेला. "मोर मी परत काढतो."

"तुला नाय येत," मंगी शिडीवरून उतरत म्हणाली. "पाय वाकडे काढशील."

"तं पाय तू काढ."

शाळेतून पीठ कालवून आणले. मोर पुन्हा झाला, पहिल्यापेक्षा जाड. तो होईपर्यंत मला कुणी थांबवायला उरले नव्हते, म्हणून जहाज सरळ किल्ल्याला लागले. मी पाटी उतरवली. भाकऱ्या मूठभर माणसांपुरत्या होत्या, पण गाड्यांतून आणखी पाट्या निघाल्या, सुक्या बोंबलांची चटणी निघाली. किल्ल्याच्या सावलीत एकच लांब पंगत बसली. डोक्यावर राख घेऊन हेडमास्तर स्वतः गूळ वाढत होते. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "बेन, आवतां वर्षे काय करशो? म्हणजे मी आधीच टोपी घालून येईन." (येत्या वर्षी काय करणार?)

पंगतीनंतर तारपा पुन्हा वाजायला लागला. कुणी तरी माझा हात धरून मला फेरात ओढले आणि ऊन उतरेपर्यंत मी पाय चुकवत, लोकांच्या पायांवर पाय देत नाचले.

दुसऱ्या सकाळी वसंता मला दमणगंगेवर घेऊन गेला. पाणी संथ होते, बाया खडकांवर धुणी आपटत होत्या. दोघेही खडकावर बसलो. तो सांगायची वाट पाहत मी बसले होते, पण पलीकडच्या काठावरून शाळेला निघालेली पोरे लांबूनच "गुरुजी! ओ गुरुजी!" करून ओरडली, आणि हा मास्तर उभा राहून दोन्ही हात हलवू लागला. त्याची समजूत घालण्याची माझी सगळी तयारी तिथेच संपली.

"ताई, आईला..." तो खाली बसत म्हणाला.

"आईला मी सांगते," मी म्हणाले.

"रागावेल."

"रागावू दे. तू तुझं पोरांकडे बघ."

त्याने माझ्या चपलेवरची राख झटकली. लहानपणीही आनंद झाला की असाच काहीतरी उद्योग करायचा.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. माझ्या नखांत अजून राख होती. मी पुन्हा पुन्हा त्या हाताकडे पाहत होते. सामरवरणीशी माझे काय वैर? चार दिवसांपूर्वी ते नावही मला ठाऊक नव्हते. तरी हात उचलला गेला, आणि मजा वाटली, हेच खरे. बारूद आणि तोफा नंतर येतात. आधी येते ती ही मजा, आपल्या बाजूचे होण्याची. ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तिच्याशिवाय फेर धरून नाचताही येत नाही. पण ऐन वेळी घंटा बडवून "का उठलात?" असे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असावा. तो माझा भाऊ असावा आणि दादरला नसावा, याचे मला वापी ते विरार कौतुक वाटत राहिले.

आईने दार उघडले आणि माझ्या पाठीमागे पाहिले. "एकटीच?"

मी हातपायही न धुता सांगायला बसले. ताडी वगळून सगळे सांगितले. आई तोंड घट्ट मिटून ऐकत होती. रावजीने पाहुणीवर गोळा टाकायचे नाकारले तिथे तिने विचारले, "कुणाचा मुलगा म्हणालीस?" पंगतीपाशी आल्यावर मात्र तिला राहवेना.

"नाचणीची भाकरी अशी कोरडीच खाल्ली? वर तूप नाही?"

"गूळ होता."

"गुळानं काय होतंय!" ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फडताळ उघडल्याचा आवाज आला. "मे महिन्यात शाळेला सुट्टी असेल ना त्याच्या? नको, सुट्टीत नको, पोरं नसायची. आधीच जाऊ. तूप मी कढवते, दोन बरण्या तू धर."